डब्यानं गप्प बसायचं

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. लाकडाचा भुसा जसा केसांना, ओढणीला आणि पर्सच्या तळाला चिकटून घरी येतो, तसे ते येतात. धायरीच्या शेडमधून मी दर रविवारी दोन्ही घेऊन येते. भुसा माझा नवरा दारातच झटकायला लावतो. किस्सा सांगितल्याशिवाय मात्र चहा देत नाही!

आधी शेडचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दात काढायचं सोडून काय बडबडतेय. धायरीत रियाजभाईंचं प्लायवूडचं दुकान आहे. त्यांचं घराणं पुण्यातलंच, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. दुकानामागं त्यांची शेड आहे. रविवारी दुकान बंद असतं आणि शेडमध्ये आम्ही पाच वेडे घरच्यासाठी स्पीकर बनवतो.

म्हणजे आतला गोल स्पीकर आम्ही विकतच आणतो. त्याच्याभोवतीचा लाकडी डबा बनवतो. लोकांना वाटतं, डब्यात काय एवढं? अहो, सगळं डब्यातच आहे! आतला स्पीकर वाजायला लागला की डब्याच्या भिंती थरथरतात आणि गाण्यात स्वतःचा सूर मिसळतात. म्हणून डब्याच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या बसवायच्या, एका भिंतीनं दुसरीला धरून ठेवायचं. इंग्रजीत त्याला ब्रेसिंग म्हणतात. आम्ही टेकू म्हणतो. टेकू जमला का हे बघायला बोट वाकवून डब्यावर ठोकायचं. ‘ढब’ आलं की नापास, ‘ठक’ आलं की पास.

आमच्यातले जोगळेकर काका नव्या माणसाला हे सगळं एका वाक्यात सांगतात. “डब्यानं गप्प बसायचं. बोलायचं ते स्पीकरनं.” काका स्वतः मात्र एक मिनिट गप्प बसत नाहीत.

*

मी या नादाला लागले तेही काकांमुळेच. वारज्यात माझा दातांचा दवाखाना आहे आणि बँकेतून निवृत्त झालेले काका माझे जुने पेशंट. एके दिवशी त्यांचा फोन आला, की डॉक्टर, तुमचा तो छोटा आरसा आणि लांब चिमटा घेऊन जरा धायरीला येता का. मला वाटलं कुणाचा तरी दात पडलाय. दवाखाना बंद करून धावत गेले.

बघते तर काय! टेबलावर एक लाकडी डबा, आणि भोवती तीन माणसं आयसीयूबाहेर उभी असल्यासारखी. झालं होतं असं, की काकांनी आतले टेकू मापात आहेत का हे वाकून बघितलं, मग चष्मा काढून टेकूवरच ठेवला आणि डबा चिकटवून बंद केला. नंतर चष्मा सगळीकडे शोधला. शेवटी रियाजभाईंनी डबा हलवून बघितला, तर आतून खुळखुळ आवाज आला.

स्पीकरच्या भोकातून हात आत जात होता, पण टेकूला वळसा घालून पलीकडे पोचत नव्हता. मी डोक्याला दिवा बांधला, आरसा आत घातला, मान वाकडी केली आणि सवयीनं त्या डब्यालाच म्हणाले, “जरा मोठा आ करा.”

मागून काकांचा आवाज आला, “आणि दुखलं तर डावा हात वर करायचा, बरं का.”

चष्मा निघाला. मी मात्र तिथंच अडकले ती आजतागायत.

*

गायकवाड साहेब आमच्यात सगळ्यात उशिरा आले, आणि सगळ्यात गंभीर तेच. सरकारी खात्यात इंजिनिअर, पूल बांधणारे. आम्ही हौस म्हणून येत होतो. त्यांचं तसं नव्हतं.

त्यांचे वडील गायचे. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत ते आणि त्यांचा एक जोडीदार, दोघांची मोठी मागणी होती म्हणे. साहेब शाळेतही जात नव्हते तेव्हाच वडील गेले. त्यामुळे वडिलांचा आवाज कसा होता, हे त्यांना आठवतच नाही. आता आईच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर नाव नाही, गाव नाही. पुतण्यानं ती कुठूनशी फोनवर उतरवून आणली आणि साहेबांनी मोठ्या आशेनं आईच्या कानाला फोन लावला.

आई म्हणाल्या, “हे कोण किनऱ्या आवाजात गातंय? ह्ये न्हवंत. ह्यांचा आवाज भरदार हुता.”

मग कोण? जोडीदार असेल, असं त्या म्हणाल्या. ते दोघंही आमच्याच घरी गात बसायचे, टेपमध्ये कुणाचं काय भरलंय कुणाला ठाऊक.

साहेबांनी हे सगळं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “फोनमधून तो आवाज बारीकच येणार हो. खरा आवाज बाहेर काढणारं काहीतरी मला बनवायचंय. आई ऐकेल आणि सांगेल, आहेत की नाहीत.”

आईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती. त्या आवाजाची ओळख पटवणारं त्यांच्याशिवाय जगात कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसापासून शेडमधली बाकीची सगळी कामं मागं पडली आणि आम्ही सगळे साहेबांच्या डब्याला भिडलो.

*

पण पूल बांधणारा माणूस डबा बांधायला लागला की काय होतं, ते ऐका!

साहेबांनी टेकूंचं ड्रॉइंग करून आणलं. काय सुंदर ड्रॉइंग! आडवे, उभे, तिरके, कोपऱ्याकोपऱ्यात त्रिकोण. आम्ही वा वा करत कापलं, चिकटवलं, शिकंजे आवळले. पुढच्या रविवारी बोटानं ठोकलं तर ‘ठक’ सुद्धा नाही, दगडावर ठोकल्यासारखं. साहेबांचा चेहरा फुलला. मग स्पीकर बसवायला घेतला, तर त्याचा मागचा लोहचुंबक आत जाईना. जिथं चुंबक यायचा, तिथं एक तिरका टेकू दिमाखात उभा!

रियाजभाईंनी डबा उचलून उजेडात धरला, आतून बाहेरून निरखला आणि म्हणाले, “साहेब, काम उत्तम झालंय. ह्यावरून भरलेला ट्रक जाईल. फक्त स्पीकर कुठून जायचा तेवढं सांगा.”

दुसऱ्या डब्याच्या वेळी वेगळाच घोळ. टेकू कधी भिंतीच्या मधोमध लावत नाहीत. मधोमध लावला तर दोन्हीकडचे तुकडे सारखे होतात आणि एकाच सुरात घुमतात. म्हणून तो जरा सरकवून लावायचा. आता सरकारी इंजिनिअरला सांगून बघा, की साहेब, मुद्दाम वाकडं लावा! त्यांचा हातच धजेना. पेन्सिलीची खूण करायचे, लांबून बघायचे आणि पुन्हा मधोमध आणून ठेवायचे.

शेवटी ते चहा आणायला गेले तेव्हा रियाजभाईंनी हळूच टेकू दोन बोटं सरकवला आणि स्क्रू पिळून टाकला. साहेब चहाची किटली घेऊन आले ते दारातच थबकले. शेडच्या दुसऱ्या टोकाला, डब्याच्या आत, दोन बोटं! त्यांच्या ते तिथूनच लक्षात आलं. चहा पिताना ते डब्याकडे पाठ करून बसले.

*

ही ठोकायची सवय फार वाईट, बघा. शेडमधून बाहेर पडलं तरी बोट थांबत नाही. मी कलिंगडवाल्याकडे ठोकते ते एक वेळ चालतं. पण परवा एका पेशंटचा दात दुखतो का बघायला आरशाच्या दांडीनं ठोकला आणि खूश होऊन म्हणाले, वा, काय ठक आलाय! त्यानं घाबरून विचारलं, म्हणजे काढावा लागणार का?

पण श्वेताची गोष्ट सगळ्यांवर कडी. श्वेता आमच्यातली सगळ्यात लहान, म्हणजे तिशीची. आयटीत आहे. टेकू कुठं लावायचा हे ती आधी कॉम्प्युटरवर काढते, आणि मग काका ते खोडून काढतात. तर श्वेताच्या घरच्यांनी एक स्थळ बघितलं. मुलाच्या घरी कांदेपोहे झाले, दोन्हीकडची मंडळी छान गप्पांत रमली. हॉलमध्ये माणसाच्या कमरेएवढे उंच, चकचकीत, महागडे स्पीकर उभे. श्वेताचं बोलण्यात लक्ष कुठलं!

मुलाची आई कौतुकानं सांगत होती, की आमचा मुलगा दिसायला जेवढा उमदा, तेवढाच आतून भक्कम. नेमकी तेव्हाच श्वेता स्पीकरपाशी पोचली होती. तिनं बोट वाकवलं, ठोकलं, कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “छे. आतून पोकळ आहे.”

पोह्यांच्या बशा हवेतच राहिल्या. श्वेताचे वडील आजही ते सांगताना कपाळाला हात लावतात. ती मात्र जोगळेकर काकांना म्हणते, “काका, आय वॉज टॉकिंग अबाउट द स्पीकर, यार!”

पण मुलगा हुशार निघाला. पुढच्याच रविवारी दोन्ही स्पीकर गाडीत घालून तो धायरीला हजर झाला आणि रियाजभाईंना म्हणाला, की त्या म्हणाल्या ते खरंच आहे, मी घरी ठोकून बघितलं.

*

तर साहेबांचे डबे एकदाचे झाले. चारही बाजूंनी ठकठकीत पास! तारा जोडल्या, ती फोनवरची फाइल लावली. खरखर झाली आणि मग आवाज आला. अहो, काय आवाज! रुंद, भरलेला, छातीतून येणारा. किनरा कुठला? श्वेतानं माझा दंड गच्च धरला. साहेब खुर्चीच्या काठावर बसले होते.

आणि पहिलं कडवं संपायच्या आतच मागून सुरू झालं. ढब. ढब. ढब-ढब. गाण्याच्या लयीत, पण खालच्या आवाजात, कुणी लांबून दार थापटावं तसं.

साहेबांनी लगेच बंद केलं. काकांनी निकाल दिला, की डबा बोलतोय. श्वेता म्हणाली, कदाचित फाइलमध्येच असेल. पण साहेबांनी मान हलवली. फोनवर त्यांनी ते गाणं शंभरदा ऐकलं होतं, फोनवर असलं काही नव्हतं. फोनवर नाही आणि डब्यातून येतंय, म्हणजे ते डब्याचंच! आता बोला. आम्हा सगळ्यांना ते बिनतोड वाटलं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही, हे शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण ते त्या क्षणी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

हेडफोन लावून बघितलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण आमच्याकडे हेडफोन लावणारा माणूस फितूर समजला जातो. तेव्हा कुणीही त्याचं नाव काढलं नाही.

मग काय, डब्याची मागची बाजू उघडा, टेकू वाढवा, बंद करा, लावा. ढब. पुन्हा उघडा. सागाची पट्टी, बीच लाकडाची पट्टी, रियाजभाईंच्या जुन्या टेबलाचा पाय, सगळं आत गेलं. दर वेळी पहिल्या कडव्यात ढब आलं की साहेब बंद करायचे आणि आम्ही स्क्रू काढायला बसायचो. डबे इतके जड झाले की हलवायला चौघं लागायचे. ढब काही जाईना. आम्ही चिडलो, एकमेकांवर खेकसलो. मी तर काकांना भर शेडमध्ये सांगितलं, की पुढच्या वेळी तुमची दाढ बधिर न करताच काढीन!

साहेब मात्र कुणावरच चिडत नव्हते. ते फक्त म्हणायचे, आईची तब्येत हल्ली बरी नसते.

*

शेवटी आईंनीच निरोप धाडला, की ते खोकं आहे तसं घेऊन या. ढबढबतं का असेना, मी ऐकते. साहेबांचं घर स्वारगेटजवळच्या वसाहतीत. आम्ही डबे टेम्पोत चढवले. शेवटच्या टेकूचा ग्लू वाळावा म्हणून एका डब्याची मागची बाजू उघडीच ठेवली. काका आणि मी डबा सांभाळायला मागं बसलो.

स्वारगेटच्या सिग्नलला टेम्पो थांबला. शेजारच्या एसटीच्या खिडकीतून एक बाई त्या उघड्या डब्याकडे टक लावून बघत होत्या. आत कप्पे, कप्प्यांना गोल भोकं, फळ्याच फळ्या. त्यांनी काकांना विचारलं, “किती कोंबड्या मावतात हो?”

काका गंभीरपणे म्हणाले, “दोन. पण दोघी ओरडायला खमक्या.”

*

साहेबांच्या घरी आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अंगावर पांढरी साडी, चेहऱ्यावर सुरकुत्या, नजर मात्र एकदम चोख. आम्ही स्क्रू पिळले, तारा लावल्या. साहेबांच्या हातून फोन दोनदा निसटला. सूनबाईंनी गॅस बंद केला, पंखा बंद केला.

खरखर झाली. आणि तो भरदार आवाज खोलीभर पसरला.

आई हलल्या नाहीत. डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही. साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि आम्ही साहेबांच्या. आणि अर्थातच, पहिल्या कडव्याच्या शेवटी, ढब. ढब. ढब-ढब.

साहेबांनी घाईघाईनं फोन उचलला. “आई, तो डब्याचा आवाज आहे. आम्ही काढतोय तो. अजून एक टेकू—”

“आरं, कसला डबा?” आई म्हणाल्या. “मी भाकरी थापतीया ती.”

रियाजभाईंच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो त्यांनी गुपचूप खिशात घातला.

“खोली येकच हुती,” आई म्हणाल्या. “टेप जमिनीवर, काठवट जमिनीवर. ह्ये दोघं गात बसायचे आन् मी थापायची. त्यांच्या ठेक्यावर थापली की भाकरी पातळ व्हायची.”

अहो, आम्ही इतके रविवार सागाच्या पट्ट्या घालून त्या माउलीला गप्प करायला निघालो होतो! मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. श्वेतानं तोंडावर ओढणी घेतली.

पण साहेब हसले नाहीत. ते खाली, आईच्या पायाशी बसले आणि त्यांनी एकच विचारलं, “आणि गातंय ते? ते कोण, आई?”

आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

“भाकर माझी हाय,” त्या म्हणाल्या. “गाणाऱ्याचं काय सांगता येत न्हाई, बाळा. ते दोघं येकमेकांसारखंच गायचे.”

साहेबांनी मान खाली घातली. काका खिडकीतून बाहेर बघायला लागले. फोन बंद करावा म्हणून मी हात पुढं केला, तर आई म्हणाल्या, राहू दे, पुरं लाव.

पुरं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. ढब आलं की आम्ही बंद करायचो. फोनवर तर शेवटी नुसती खरखर होती, असं साहेबच म्हणायचे. आता गाणं पुढं गेलं. दुसरं कडवं, तिसरं कडवं, आणि मागं भाकरीची थाप. मग गाणं संपलं. थाप चालूच होती. कुणीतरी घसा खाकरला, जमिनीवरून उठल्याचा आवाज झाला. आणि त्यानंतर गाण्यातला नव्हे असा, साधा, जाडसर, दमलेला, खालच्या पट्टीतला आवाज डब्यातून अगदी स्वच्छ बाहेर आला.

“झाल्या का गं भाकरी? वाढ की.”

आईंनी पाय सोफ्यावरून खाली घेतले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि डब्याकडे बघून म्हणाल्या, “वाढते की वो. दम धरा जरा.”